झटका गिळणारा ठोकळा

मी एक जुना

कट्.

माफ करा मित्रांनो, वाक्य मध्येच तुटलं. मोटारसायकलच्या चाकात जडलेली सवय आहे. पुन्हा सांगतो. मी एक जुना रबराचा ठोकळा आहे. असे आम्ही चौघे. मागच्या चाकाच्या मधोमध जो गोल डबा असतो त्याला हब म्हणतात. त्यात आम्ही दाटीवाटीनं बसतो. साखळी दातेरी चक्राला ओढते, चक्र आम्हाला दाबतं आणि आम्ही चाकाला ढकलतो. इंजिनाचा प्रत्येक हिसका आधी आमच्या अंगावर येतो. आम्ही तो गिळतो आणि चाकाला नुसता मऊ रेटा देतो. मला डोळे नाहीत. सीटवरचं वजन, रस्त्याचा धक्का आणि कानावर आलेलं बोलणं, यावरूनच मी जग ओळखतो.

तापलेल्या साच्यातून निघालो तेव्हा माझं अंग इतकं भरलेलं होतं, की मला हबमध्ये हातोडीनं ठोकून बसवावं लागलं. गाडी झाशीला आली. मालकाचं नाव गजानन. सरकारी कचेरीत कारकून. त्याची बायको शकुंतला मागे बसायची. कुणी गाडी चालवून पाहिली की म्हणायचा, "भैया, गाडी है कि मक्खन!" मग गजानन खूश होऊन टाकीवर थाप मारायचा.

मित्रांनो, थाप नेहमी टाकीलाच मिळते.

झाशीचे उन्हाळे तुम्हाला ठाऊक नसतील. डांबर वितळतं तिथं रबराचं काय! मी आकसलो, कडक झालो, कडा झिजल्या. माझ्या आणि चक्राच्या मध्ये फट पडली. गाडी निघाली, की चक्र त्या फटीतून येऊन माझ्यावर

कट्

आदळायचं. गजानन गाडी घेऊन हरगोविंद मिस्त्रीकडे गेला.

"गियर बदला कि पीछे से कट् बोलती है."

"चेन ढीली है, बाबूजी. कस देते हैं."

त्यानं चेन कसली. आवाज तसाच. पुन्हा कसली. ताणलेली चेन मला आणखीच जोरात हाणू लागली. शेवटी त्यानं चाक उघडलं.

"अरे, ये रबर तो घिस गए! नए मँगाने पड़ेंगे, बाबूजी. टाइम लगेगा."

"परसों हमें चिरगाँव से गौर लानी है. तब तक कुछ कर दो."

हरगोविंदनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि फटीत कोंबल्या. "लो, त्योहार भर चूँ नहीं करेगी."

आता ही गौर म्हणजे काय, ते सांगतो. गजाननच्या घराण्यात दोन मुखवटे होते, शाडूच्या मातीचे. थोरली आणि धाकटी. पूर्वज झाशीला आले तेव्हा देशावरून बरोबर आणलेले. एक वर्ष चिरगावच्या थोरल्या भावाकडे, एक वर्ष झाशीला, असं चालायचं. पुढे थोरला भाऊ आजारी पडला आणि गजानन मदतीला वेळेवर पोचला नाही. तेव्हापासून त्या भावाच्या बायकोनं, जानकीवहिनींनी, बोलणंही बंद केलं आणि गौरीही दिल्या नाहीत. यंदा त्यांचा निरोप आला होता: घेऊन जा, मीही येते.

घराची रीत अशी, की जी बाई गौर आणते तिनं उंबरठ्याला लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

चिरगावला वहिनींनी दोन्ही मुखवट्यांची पाटी शकुंतलेच्या मांडीवर ठेवली, शेल्यानं तिच्या कमरेला बांधली.

"दोन्ही हातांनी धर. जपून ने गं."

"वहिनी, बसमध्ये लोकांचे धक्के," गजानन म्हणाला. "आपली गाडी म्हणजे मक्खन!"

"बरं. मी बसनं पुढे होते. उंबरठ्यावर मीच ओवाळीन."

शकुंतला काही बोलली नाही. बोलायचंच नव्हतं.

वाटेतल्या पारीछाच्या वीजघराची धुराडी यायच्या आतच ट्यूबच्या पट्ट्यांचा चुरा झाला. कट्. सीटवरचं वजन पुढे कललं. हात अडकलेले, म्हणून शकुंतलेनं गजाननच्या पाठीला कोपरानं ढोसलं.

"हो हो, मुहूर्त माझ्या लक्षात आहे!" गजानननं वेग वाढवला.

कट्. पुन्हा कोपर.

"अगं, पोचतो वेळेत! किती घाई!" आणखी वेग.

मी आत पिळवटत होतो. बोल, एकच शब्द बोल, असं मला ओरडायचं होतं. पण तीही मुकी आणि मीही मुका. आम्हा दोघांच्या मध्ये एक माणूस आनंदानं गुणगुणत गाडी हाकत होता.

मग म्हशी आडव्या आल्या. त्यानं करकचून ब्रेक दाबला, गियर खाली टाकला आणि वाट मोकळी होताच एकदम

कट्.

हा आवाज माझा नव्हता. तो वरून, पाटीतून आला होता. सीटवरचं वजन ताठ झालं. तिथून झाशीपर्यंत पाठीला कोपर लागलं नाही.

गाडी दाराशी थांबली. तबकातल्या निरांजनाचा वास आला.

"कोण आलं गं?" वहिनींनी विचारलं. उत्तर ठरलेलं होतं: गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली.

उत्तर आलं नाही.

"बोल ना, शकू. आता बोलायचं असतं," गजानन हसत म्हणाला.

"वहिनी, धाकटीला तडा गेलाय."

शेला सोडल्याची सळसळ झाली.

"कुठं?"

"पारीछाच्या अलीकडे. म्हशी आल्या तिथं."

"आणि तिथून इथवर गप्प बसलीस?"

"रीत होती ना, वहिनी. आधीपासून यांना कोपरानं सांगत होते."

"मला वाटलं, मुहूर्त..." गजाननचा आवाज मध्येच तुटला. अगदी माझ्यासारखा.

"तडकलेली पुजत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आणि थोरली एकटी बसवत नाहीत."

त्या थोरलीला घेऊन लगेच परत निघाल्या.

"वहिनी, स्टँडपर्यंत सोडतो."

"नको. चालत जाईन मी."

पुढे नवे ठोकळे आले. हरगोविंदनं चाक उघडून आम्हाला उपसून काढलं. शकुंतला शेजारी उभी होती. तिनं मला उचललं. पहिल्यांदाच कुणी तरी मला हळुवार हातात घेत होतं.

"बस, इतनी-सी चीज?"

"झटका यही खाते हैं, भाभीजी."

तिनं मला घरी आणलं. आता मी तिच्या शिलाई मशिनच्या पायाखाली असतो आणि मशिनचा थरथराट गिळतो. मला तेवढंच येतं. भाद्रपद जवळ आला की गजानन म्हणतो, "चिरगावला जाऊन बघूया का? गाडी आता अगदी मक्खन झालीय." मशिन थांबतं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतं.

मित्रांनो, टाकीवर थाप जरूर मारा. पण ज्याला तोंड नाही, किंवा ज्याला बोलायची बंदी आहे, त्यानं कोपर मारलं तर त्याचा अर्थ आपल्या मनानं लावू नका. गाडी कडेला घ्या. उतरा. मागे वळून पाहा.

हे मी तेव्हाच सांगणार होतो. पण माझ्यापाशी एकच शब्द होता, आणि तो मी सारखा म्हणत होतो.

कट्.