खाम की हाम

खाम मेली हे मला बाजारात कळलं. मी डुकराची पिल्लं विकायला गेलो होतो. गावचा एकजण धापा टाकत आला. "बाशेंग, घरी चल. तुझी बायको तळ्यावर पडलीय."

खाम हे त्या तळ्याचंच नाव. ती वरच्या गावची. बापानं तळ्याचं अक्षर लेकीला दिलं. पाणी, शेजारी दगड, खाली सुरी, असं ते अक्षर आमच्या दोन गावांबाहेर कुणी लिहीत नाही. वरचे ते खाम वाचतात. त्यांच्या मते पूर्वजानं सुरीनं दगड फोडला आणि पाणी लागलं. आम्ही खालचे हाम वाचतो. त्या दगडावर वरच्यांनी आमच्या पूर्वजाचा गळा चिरला, असं आमच्याकडे सांगतात. ज्याचा उच्चार खरा, त्याचं पाणी.

माझा चुलतभाऊ देकुई तिला चिडवायचा, "वहिनी, इतकी वर्षं आमचा भात खाल्लास, जीभ मात्र माहेरचीच!"

"तुमच्या भातानं पोट भरतं भावजी, नाव बदलत नाही."

त्या वर्षी वसंतात धुकं रोज पडायचं, पाऊस नाही. पाण्यासाठी तळ्याच्या बांधावर दोन्ही गावांच्या कुदळी निघाल्या. धुक्यात माणूस ओळखू येईना, म्हणून आमच्यांनी ठरवलं, येईल त्याला तळ्याचं नाव विचारायचं.

त्या दिवशी ती आमच्याच माणसांसाठी पेज घेऊन गेली होती.

"कोण आहे? नाव सांग!" देकुई ओरडला.

तिला वाटलं, तिचंच नाव विचारतोय. तिनं सांगितलं.

कुदळ कानामागे बसली. मी पोचलो तेव्हा पेज आणि रक्त एकत्र साकळलं होतं. देकुई चिखलात बसून म्हणत होता, "दादा, ती खाम म्हणाली रे." मी त्याच्या तोंडावर दगड घातला. दात फुटले, जबडा मोडला. चौघांनी मला ओढलं नसतं तर त्याला उठू दिलं नसतं.

तिला पुरलं. पण आमच्याकडे अशी बाहेर मेलेल्या बायकोला नवऱ्यानं मेल्याजागी तिचा कपडा घेऊन नावानं हाक मारायची असते. तरच जीव घरी येतो.

मी तिचा सदरा घेऊन बांधावर गेलो. पलीकडे तिचा भाऊ माणसं घेऊन उभा होता. आमच्या म्होरक्यानं माझ्या मानेवर काठी टेकवली. "हाम म्हण. खाम म्हणालास तर पाणी त्यांचं झालं."

"भावोजी, बहिणीला तिच्या नावानं बोलवा!" पलीकडून मेहुणा ओरडला.

"हामला ती ओ देणार नाही," मी म्हणालो आणि तोंड उघडलं. काठी गळ्यावर बसली. मेहुणा पाण्यात उतरला. मग कोण कुणाला मारतंय ते कळलं नाही. मेहुण्याला दोन भाल्यांनी तिथंच भोसकलं.

आता दोन्ही काठांवर पहारा आहे. मला बांधावर जाऊ देत नाहीत. सदरा माझ्याकडेच आहे. तिला हाक मारायची राहिली आहे.