कोबी म्हटलं की बसायचं

शाळेच्या हॉलमध्ये खाटकाने मुख्याध्यापिकाबाईंचा गळा दाबला, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, जरा मनापासून दाबा. मला मेल्यासारखं काही वाटतच नाहीये."

"बाई, उद्या माझ्या पोराला नापास कराल," खाटीक म्हणाला. दिवसभर दुकानात सुरा चालवणारा हा गडी, पण बिटाच्या रसाचं रक्त बघून दोनदा भुईवर आडवा झाला होता.

"सोडा दोघं," मास्तर म्हणाले. "खाटीकबुवा, तुम्ही हात मागे ओढायचे. बाईंनी ते धरून आपल्या गळ्याशी आणायचे. लोकांना वाटतं तुम्ही जीव घेताय. खरं तर बाईच तुम्हाला सोडत नाहीयेत. मारणारा नुसता पाहुणा. घर मार खाणाऱ्याचं."

मास्तरांचा उभा जन्म मारामारीत गेला होता. तरुणपणी एका फिरत्या नाटक मंडळीत ते रोज मरत, रविवारी दोनदा. आता दुपारी शाळेतल्या मुलांना आणि संध्याकाळी वस्तीतल्या मोठ्यांना ते नाटकातली मारामारी शिकवत. पालकांनी आधी नाकं मुरडली. मग घरोघरची भावंडं एकमेकांना खरं मारायचं सोडून खोटं मारू लागली, तेव्हा तेच पालक संध्याकाळच्या वर्गाला येऊन बसले. थोबाडीत देणं, केस धरून फरफटवणं, जिन्यावरून गडगडणं, सगळं तिथे शिकायला मिळे. मास्तरांना गर्व एकाच गोष्टीचा होता. त्यांच्या वर्गात आजवर कोणाला साधा ओरखडा आलेला नव्हता.

याचं श्रेय कोबीला. मारामारीत माणूस "नको", "सोड", "मेलो" असं ओरडणारच, आणि ते नाटकातलंच समजलं जाणार. म्हणून खरंच लागलं तर ओरडायला मास्तरांनी कोबी हा शब्द ठरवला होता. खून होताना ज्याला कोबी आठवावी असं पात्र अजून कुठल्या नाटककाराला सुचलेलं नाही. कोणी कोबी म्हटलं की सगळ्यांनी हात मोकळे सोडायचे आणि आहे तिथे खाली बसायचं. हसायचं नाही, थट्टा करायची नाही. जो सगळ्यात जवळ असेल त्याने एवढंच विचारायचं, "कुठे?" आणि ओरडणारा "चालू" म्हणेपर्यंत कोणी उठायचं नाही. वस्तीत हा नियम असा मुरला होता की एका नव्या भाजीवाल्याने "ताजी कोबी!" अशी आरोळी दिली, तेव्हा शाळेतून सुटलेली मुलांची अख्खी रांग रस्त्यातच बसली. भाजीवाल्याने गाडी टाकून पळ काढला.

त्या वर्षीच्या नाटकात बेवड्या नवऱ्याच्या हातचा मार खाणारी बायको होती. ते काम करणारी शिवणवाली वर्गात रोज जिन्यावरून गडगडायची आणि झटकून उठायची. घरच्या जिन्यावर पाय घसरला आणि तिचं हाड मोडलं. प्रयोग तोंडावर आलेला. मास्तरांनी लेकीला विचारलं. ठमी लहानपणी या हॉलच्या पडद्यात गुंडाळून झोपलेली पोर. ती हो म्हणाली.

"एकटी कशाला? मीही येतो की," जावई म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गोड माणूस. म्हाताऱ्यांच्या चष्म्याचे स्क्रू फुकट पिळून द्यायचा. बेवड्या नवऱ्याचं काम त्यालाच मिळालं, कारण वर्गातला दुसरा एकही पुरुष ते घ्यायला तयार नव्हता. घरात ठीक आहे, चारचौघांत कशाला, असं एकूण मत पडलं.

जावई झपाट्याने शिकला. थोबाडीत मारताना हात गालाच्या पुढून, हवेतून जातो आणि आवाज मार खाणाऱ्याने काढायचा असतो, स्वतःच्या तळहाताची थाप स्वतःच्याच छातीशी मारून. जावयाचा हात असा सुटायचा की पाहणाऱ्याने डोळे मिटावेत.

"हात काय मोकळा आहे हो जावयाचा!" मास्तर म्हणाले. "ठमे, तुझंच चुकतंय. त्याचा हात निघायच्या आधीच तू मान वळवतेस. हात येणार हे तुला आधी कसं कळतं?"

"कळतं," ठमी म्हणाली. वर्ग हसला. जावई सगळ्यात जास्त हसला.

"मान सरळ ठेव. हात येऊ दे, मग वळ."

मास्तरांनी तिच्याकडून हे घोटून घेतलं. हनुवटीला बोट लावून मान सरळ केली, पुन्हा, पुन्हा. शेवटी जमलं. हात आला तरी पापणी लवेना. मास्तरांनी वर्गाला सांगितलं, "बघा, याला म्हणतात शिक्षण."

रंगीत तालमीच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना पडद्यामागे गाठलं.

"मास्तर, ठमीच्या दंडावर वळ आहेत."

"तालमीत लागलं असेल."

"तीही तेच म्हणाली." बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पण तुमच्या तालमीत कोणाला लागतच नाही, हे तुम्हीच मला गेली कित्येक वर्षं सांगून कंटाळा आणलाय."

मास्तर तिथल्याच एका खोट्या खडकावर बसले. खडक पुठ्ठ्याचा होता. तो खाली गेला, त्याबरोबर मास्तरही.

ठमी आरशासमोर केसांना पिना लावत होती.

"नाटक रद्द करतो," मास्तर म्हणाले.

"का?"

"का म्हणून काय विचारतेस! मी तुझी मान सरळ केली गं. माझ्या हाताने!"

तिने तोंडातली पिन काढली. "बाबा, आवाज खाली. तो बाहेरच आहे."

"तू कधी कोबी का नाही म्हणालीस?"

"घरी?" ठमी हसली. ते हसू पाहवेना. "घरी कोण बसणार, बाबा? भिंती? नियम पाळणारं तिथे कोणी नाही."

"मी त्याला…"

"तुम्ही काही करायचं नाही. प्रयोग होऊ द्या."

प्रयोगाला हॉल खच्चून भरला. पुढे जमिनीवर शाळेतली मुलं, मागे खुर्च्यांवर पालक, त्यामागे उभी गर्दी. मास्तर पडद्याआड उभे होते. नियमाप्रमाणे कोबी फक्त ज्याला लागलं त्याने म्हणायचं. दुसऱ्याने म्हटलं तर उद्या कोणीही उठून कोणाचंही नाटक थांबवेल. हा नियम त्यांचाच होता. त्या दिवशी त्यांना तो अगदी गाढवपणाचा वाटला.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात जावई वाक्य विसरला. उभाच राहिला. ठमीने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "आता शब्दही पिऊन टाकलेस का रे?" हे नाटकात नव्हतं. हॉल हसून लोटपोट झाला. टाळ्या थांबेनात.

जावयाच्या कानाची पाळी लाल झाली.

पुढची थोबाडीत ठरलेलीच होती. पण आवाज ठमीच्या छातीशी आला नाही; वर आला, गालावर, ओला आवाज. तिचे दोन्ही हात खालीच होते. मान सरळ होती.

"वा!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग त्याने केस धरले. फरफटवताना मार खाणाऱ्याने ओढणाऱ्याचं मनगट घट्ट पकडून स्वतःच्या पायांनी सरकायचं असतं. ठमीचे हात मनगटापर्यंत पोचलेच नाहीत. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, आणि टेबल हललं म्हणून पुन्हा. ओठ फुटला. दातांवरून रक्त हनुवटीवर आलं.

"रक्त काय झकास बनवलंय!" पहिल्या रांगेतला एक पालक शेजाऱ्याला म्हणाला. "बीट असतं त्यात."

खाटीक पडद्याआड होता. त्याने रक्त पाहिलं, आणि कधी नव्हे तो पडला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "हे बीट नाही."

मास्तर रंगमंचावर धावले. हजारो ठोसे बसवलेल्या त्या माणसाने आयुष्यातला पहिला खरा ठोसा जावयाच्या जबड्यावर मारला. अंगठा मुठीच्या आत होता. काडकन आवाज झाला तो अंगठ्याचा. जावई नुसता मागे वळला.

प्रेक्षकांना वाटलं, सासऱ्याचं विनोदी पात्र आलं. हशा पिकला. जावयाने मास्तरांच्या पोटात गुडघा घातला. मास्तर दुमडून पडले. पडणं मात्र जन्माच्या सवयीमुळे अप्रतिम झालं, टाळ्या पडल्या. तो त्यांच्या बरगडीत लाथ घालायला वळला, तेव्हा मागून आवाज आला. मोठा नव्हता. फुटक्या ओठातून जेवढा येईल तेवढा.

"कोबी."

पुढची मुलं जमिनीवर होतीच; त्यांनी हात मोकळे करून मांड्यांवर ठेवले. मग खुर्च्या सरकल्या. शिवणवाली प्लास्टरचा पाय लांब करून खाली बसली. भाजीवाला, गाडी टाकून पळालेला तोच, बसला. मागची उभी गर्दी भिंतीला पाठ घासत खाली गेली. बीटवाले पालक बसले. मास्तर पडलेलेच होते, ते उठून नीट बसले. सगळ्या हॉलमध्ये एकटा चष्मेवाला उभा राहिला.

"अहो, नाटकातलंच आहे," तो हसून म्हणाला. "चला, पुढे चला."

कोणी हललं नाही.

मुख्याध्यापिकाबाई रंगमंचाच्या कडेलाच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठे?"

ठमीने ओठाला हात लावला. "इथे." मग बाही वर केली. "इथे. हे परवाचं." मान वाकवून केस बाजूला केले. "इथे. हे मागच्या हिवाळ्यातलं." ती सावकाश दाखवत गेली आणि हॉल पाहत राहिला.

जावयाने तिच्याकडे एक पाऊल टाकलं. नियम मोडून एकटा खाटीक उठला आणि मध्ये उभा राहिला. दिवसभर सुरा चालवणाऱ्या माणसाला फार बोलावं लागत नाही.

मग जावई निघाला. दार हॉलच्या दुसऱ्या टोकाला. बसलेल्या माणसांमधून वाट काढायची, तर कोणी गुडघा सरकवेना. "जरा… जरा जाऊ द्या," म्हणत, पायात पाय अडकत, चष्मे त्यानेच दुरुस्त केलेल्या त्या सगळ्या डोळ्यांसमोरून तो गेला. बाहेर काढलेल्या चपलांत त्याला स्वतःची जोडी सापडली नाही. तो अनवाणीच गेला.

ठमी बापाजवळ आली. तिने पदर फाडून त्यांच्या अंगठ्याला बांधला.

"बाबा, अंगठा आत ठेवून कोणी ठोसा मारतं का?"

"मला कोणी शिकवलंच नाही," मास्तर कण्हत म्हणाले.

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी हात वर करून बसली होती. "ताई, आता उठू का?"

ठमीने दाराकडे पाहिलं. ते अजून हलत होतं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "मी अजून चालू म्हटलेलं नाही."