बिनआवाजाचा पंखा

अक्कांच्या घरात आवाज करायची मुभा फक्त अक्कांना होती. मुलाने, सुनेने, कुकरने, दाराच्या बिजागरीने आपापल्या पायरीने राहायचं, असा दंडक. तो मोडला एकट्या कॉम्प्युटरने.

कॉम्प्युटर सुनेचा. मधल्या खोलीत टेबलाखाली त्याचा काळा डबा होता. सून रोज दुपारी माइकपुढे बसून लहान मुलांच्या गोष्टी वाचायची आणि रेकॉर्ड करून एका कंपनीला पाठवायची. डबा चालू झाला की त्याच्या पोटातले पंखे आधी घसा खाकरत, मग असे घोंघावत की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरे. अक्का त्याला गिरणी म्हणत.

"लावलीस का गं गिरणी?" त्या आपल्या खोलीतून ओरडत. "दळण संपलं की सांग हो, म्हणजे मला माझं डोकं शोधता येईल."

हे ओरडणं रोजचं होतं, ठरलेल्या वेळेचं होतं, आणि गेल्या काही दिवसांपासून शंभर टक्के खोटं होतं. गिरणी सुरू झाली की अक्कांच्या जिवात जीव येत असे.

त्याचं असं झालं. इमारतीच्या कमिटीवर अक्का अध्यक्ष म्हणून निवडून आल्या त्या जिभेच्या धारेवर. समोर उभं राहायची कोणाची छाती झाली नाही. पण कमिटीचा सेक्रेटरी हा पहिल्या मजल्यावरचा निवृत्त हेडक्लार्क, खिशाला पेन लावूनच झोपत असावा असा माणूस. दरवर्षी सभेत वार्षिक अहवाल तोच घडाघडा वाचे. यंदा त्याने मिशीतल्या मिशीत हसत सुचवलं, "या वेळी अहवाल अध्यक्षांनीच वाचावा. मान त्यांचा आहे."

"वाचेन की," अक्का म्हणाल्या. "माझ्या तोंडाला काय कुलूप आहे?"

कुलूप तोंडाला नव्हतंच. अक्कांची शाळा दुसरीत सुटली होती. पुढे त्यांनी जगाला शिकवलं, ते निराळं. अक्षरं ओळखीची होती, पण रस्त्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांसारखी. एकेकटी भेटली तर बरं, घोळका करून आली की कोण कोणाचं ते उमगेना. रोज सकाळी त्या वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून बसत, "काय मेलं चाललंय जगात!" म्हणत आणि घडी घालत. जगात नेमकं काय चाललंय ते त्यांना जेवताना सुनेच्या बोलण्यातून कळे. हे गुपित त्यांनी नवऱ्यालाही कधी कळू दिलं नव्हतं. तो बिचारा 'आमच्या हिला वाचनाचं वेड' असं सांगत सांगतच गेला.

मनातल्या मनात वाचणं त्यांना जमत नसे. शब्द तोंडातून बाहेर पडून कानात शिरला तरच त्याचा अर्थ लागे. म्हणून अहवालाचा सराव मोठ्यानेच करायला हवा होता, आणि तोही कोणाला न कळता. त्यांच्या खोलीत आणि मधल्या खोलीत एक प्लायवूडचा पडदा तेवढा. पलीकडे गिरणी घोंघावू लागली की त्या आडोशाला अक्का चष्मा चढवून सुरू करत, "ग-त व-र्षी पा-ण्या-च्या टा-की-ची..."

असं छान चाललं होतं. आणि एक दिवस कंपनीतल्या बाईंचा सुनेला फोन आला. गोष्टी गोड आहेत, पण प्रत्येक गोष्टीच्या मागे विमान उडतंय. पुढच्या खेपेला विमान गेलं नाही तर काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल.

सुनेचा चेहरा उतरला. मुलाने मात्र कपाळावर हात मारून घेतला. "आई कधीची सांगतेय! आपण तिचं ऐकलं का? नाही. आता नवे पंखे बसवायचे, अगदी बिनआवाजाचे. आणि आईच्या कानाला पसंत पडतील तेच."

अक्का चपापल्या. "कशाला उगाच? मला झालीय आता सवय."

"बघ," मुलगा बायकोकडे वळून म्हणाला. "बघ, किती सोसते!"

अक्कांनी जन्मभर लोकांची तोंडं बंद केली होती. आज त्यांचं त्यांच्याच मुलाने केलं, आणि तेही प्रेमाने.

तिघं गेली ते कॉम्प्युटरचं दुकान अरुंद होतं. काचेच्या कपाटांत पंखेच पंखे, बशीएवढे, त्याहून थोडे मोठे, काही तर रंगीत दिवे लावलेले. अक्कांना वाटलं होतं की पंखा म्हणजे पंखा, एक उचलायचा आणि निघायचं. पण मुलगा प्रश्न विचारायला लागला आणि दुकानदार उत्तरं द्यायला लागला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इथे मुलगी पाहायला आल्यासारखं चालणार आहे. शेवटी दुकानदाराने काउंटरवर एक वायर ओढून घेतली आणि एकेक पंखा जोडून दाखवू लागला.

"आई, तू डोळे मिटून ऐक," मुलगा म्हणाला. मग दुकानदाराला अभिमानाने, "हिला शेजारच्या घरातली कुजबूज पण ऐकू येते."

पहिला पंखा फिरला. अक्कांना काहीच ऐकू आलं नाही. ह्याच्या आडोशाला वाचायचं कसं?

"शी! केवढा हा कलकलाट!" त्या म्हणाल्या.

दुकानदाराने पंखा कानाला लावून पाहिला. मग दुसरा जोडला. तोही तसलाच मुखदुर्बळ. अक्कांनी नाक मुरडलं. तिसरा सुरू झाला तसा काउंटरवरचा पेन्सिलींचा डबा किणकिणायला लागला.

"हा बघ!" अक्कांनी डोळे उघडले. "ह्याला म्हणतात गुणी. किती सोज्वळ आवाज!"

"आजी," दुकानदार चाचरत म्हणाला, "हा एकांनी परत आणून दिलाय. झोप लागत नाही म्हणाले. मी फक्त वाऱ्यासाठी ठेवलाय इथे."

"त्यांच्या मनात पाप असेल. चांगल्या माणसाला झोप लागते."

मुलगा गोंधळला. एकीकडे त्याचे स्वतःचे कान होते आणि दुसरीकडे आई. तो बहुधा आईलाच निवडणार होता. सुनेने अक्कांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मग गोड आवाजात विचारलं, "आई, तुम्हाला हल्ली ऐकायला कमी येतंय का? कानाच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

सुटायची वाट समोर उघडी होती. हो म्हटलं की संपलं. पण घरात बहिरी म्हातारी म्हणून राहायचं? मग लोक पाठीमागे बोलतात ते समोर बसून बोलायला लागतील.

"माझे कान शाबूत आहेत," अक्का फणकारल्या. "मी तुम्हा दोघांची परीक्षा घेत होते. तिसरा पंखा म्हणजे रेड्याचं रेकणं आहे. एवढं कळत नाही?"

दुकानदाराने सुटकेचा श्वास टाकला आणि कपाटातून सगळ्यांत मोठे पंखे काढले. "हे घ्या. मोठा पंखा सावकाश फिरला तरी भरपूर वारा देतो, म्हणून आवाज नाही. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायचा तर जीव तोडून गरगरावं लागतं. बोंब असते ती त्या गरगरण्याची."

त्याच संध्याकाळी मुलाने डबा उघडला. आतून गादी पिंजल्यासारखी धूळ निघाली. जुने पंखे काढले, नव्यांना स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या लावून बसवलं, बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणजे पंखे फिरत होते, पण काही झालं नाही. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टकटक मधल्या खोलीत ऐकू आली. मुलाने टाळी वाजवली, तीसुद्धा दचकून हळू.

अक्का म्हणाल्या, "छान झालं." मेलेल्या माणसाच्या घरी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या.

आता पंचाईत. सभा तोंडावर आली होती आणि अहवालाचं शेवटचं पान अजून मुळीच ओळख द्यायला तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी न्हाणीघरात नळ सोडून सराव करून पाहिला. "आई, नळ चालू राहिलाय!" सुनेची हाक आली. मग रिकामा मिक्सर फिरवला. सुनेची गोष्ट अर्ध्यात बंद पडली. शेवटी दार लावून त्या गोधडी डोक्यावरून घेऊन बसल्या आणि कुजबुजत वाचू लागल्या. गोधडीत घाम, चष्म्यावर वाफ, आणि सेक्रेटरीसारखं घडाघडा वाचायची घाई. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होते.

दारावर टकटक झाली. सून आत आली. गळ्यात हेडफोन.

"आई, सशाच्या गोष्टीत पाण्याची टाकी आलीय."

अक्कांनी अहवाल गोधडीत खुपसला. "मग? ससे काय पाणी पीत नाहीत?"

"पितात. पण ससा बिळातून बाहेर डोकावतो आणि मागून कोणीतरी म्हणतं, 'सफाई दोन वेळा करण्यात आली.'"

"चोरून ऐकतेस मला?"

"मी कुठे? माइक ऐकतो. गिरणी होती तोवर त्यालाही ऐकू येत नव्हतं." सून गादीच्या कडेवर टेकली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, हे अक्कांनी आधी तपासून घेतलं. "म्हणून दुकानात तो रेडा आवडला होता होय?"

अक्का गोधडीचा दोरा ओढत बसल्या. घरात एवढी शांतता त्या आल्यापासून कधी नव्हती.

"मला मास्तरीण नको," त्या अखेर म्हणाल्या.

"मी कुठे मास्तरीण? मी बसते, तुम्ही वाचा. गोष्टी वाचणं माझा धंदाच आहे. फक्त एवढं सांगते, तुम्ही सेक्रेटरींच्या मागे धावताय. तो दुकानदार काय म्हणाला होता? मोठा पंखा सावकाश फिरतो."

"मला पंखा म्हणतेस?"

"मोठा म्हणतेय, आई."

अक्कांनी अहवाल गोधडीतून काढला. "आणि हे माझ्या बाळ्याला कळलं तर याद राख."

"त्यांना तर वाटतं तुम्हाला वाचनाचं वेड आहे."

"घराण्यातच आहे तो भाबडेपणा," अक्का म्हणाल्या आणि चष्मा पुसला.

सभेच्या दिवशी इमारतीचा हॉल गच्च भरला होता. उकाडा मरणाचा. छताचे सगळे जुने पंखे पूर्ण वेगात खडखडत होते, इतके की पुढच्या रांगेलाही मागच्या रांगेचं खोकणं ऐकू येत नव्हतं. अक्का उठल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की वर साक्षात गिरणी चालू आहे. ह्या खडखडाटात काहीही पुटपुटलं तरी चालेल. शेवटचं पान तर सबंध गिळून टाकता येईल. देवाने आडोसा स्वतःहून धाडला होता.

सेक्रेटरी वाकून म्हणाला, "अक्का, आवाज फार आहे. राहू दे का? मीच वाचतो हवं तर, माझा आवाज चढा आहे."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. लहान पंखा. जन्मभर गरगरतोय बिचारा.

"पंखे बंद करा," त्या म्हणाल्या.

"अहो, उकाडा केवढा..."

"कळतं मला. बंद करा."

पंखे एकेक करून थांबले. हॉलमध्ये वहीचं पान उलटलं असतं तरी कळलं असतं. सूनबाई तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. अक्कांनी चष्मा चढवला, बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं, आणि सबंध इमारत घामाघूम होईपर्यंत, एकेक शब्द नीट उतरवून ठेवत, सावकाश वाचलं.