श्वास मोजणारी कांडी

उंद्रीपासून समुद्र लांब, पण जयमालाच्या पातेल्यात तो होता. मीठ आणि क्षार मोजून कालवलेलं पाणी, आणि त्यात तिनं घडवलेली बोटभर कांडी. टोकाच्या पापुद्र्यावर प्रकाश पडला की तो चमके. पाण्यात कर्बवायू जितका जास्त मुरलेला, तितकी चमक मंद, त्यावरून आकडा. पाणी ढवळायला माशांच्या टाकीचा पंप बुडबुडे सोडत होता. गावात वीज नव्हती, म्हणून देवळात सप्ताहाच्या जनरेटरवर सगळं मांडलं होतं.

ही कांडी समुद्राचं पाणी तपासणाऱ्या कोकणच्या बोटीवर न्यायची की नाही, ते ठरवायला तिच्या कॉलेजचे वामनराव सर बुलढाण्याहून आले होते.

सकाळी आकडा चोख. दुपारी झळा लागू नयेत म्हणून दारं लावली. बुवांचं कीर्तन असं रंगलं, की दाटीनं बसलेला गाव गजरात देहभान विसरला. अन् आकडा चढत चढत दुपटीवर गेला!

"बिघडली ही," सर म्हणाले. "सकाळचा आकडा लिही अन् मोकळी हो."

"नाही लिहिणार, सर. आकडा खराच हाय."

"समुद्र पाहिलायस कधी?"

"नाही. पण पाणी काय पिऊन राह्यलं ते पाह्यलं."

"जयू, साहेबाले उलटं बोलू नको," मृदंगावर बसलेले वडील किसनराव पुटपुटले.

"बाबा, मृदंगावर खरी पडलेली थाप तुमी कोनाच्या धाकानं खोटी म्हणता का?"

किसनरावांनी मृदंग बाजूला घेऊन तिला वाट दिली.

तिनं दारं सताड उघडली. "हा पंप इथलीच हवा ओढते. त्यात साऱ्या गावाचा श्वास होता. आता सारे बाहेर बसा." सभामंडप रिकामा झाला. वारा खेळला तसा आकडा हळूहळू उतरून सकाळच्या जागी आला.

"योगायोग," सर म्हणाले.

जयमाला तडक बुवांकडे गेली. "महाराज, दारं लावून परत गजर होईन का?"

बुवा खळखळून हसले. "देवाचं नाव घ्यायले काऊन विचारतं, माय?"

गाव पुन्हा दाटला. सरांनाही मधेच बसावं लागलं. मृदंग घुमला, टाळ्या पडल्या, "रामकृष्णहरी"नं छत भरलं. सरांची नजर आकड्यावर होती. तो चढत होता.

गजर थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "बोटीवर पाठवतो. पण... यात माझाही श्वास आला का गं?"

"हाव सर. आता हा आकडा कोनालेच खोडता येनार नाही."