रबराला लावलेलं तेल

नवरा मला न्यायला आला, तेव्हा त्याची गाडी धापा टाकतच दादाच्या गॅरेजात शिरली. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणाऱ्या पाइपांच्या जोडांवरची रबरं फाटली होती.

"पटकन बदलून दे," तो दादाला म्हणाला. "मग हिला घेऊन निघतो."

माझ्या ओठाचे टाके अजून ओले होते. ते घालायला दादाच घेऊन गेला होता. तरी माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "जा बाई आता. किती ताणणार? जरा सांभाळून घे."

सांभाळून घे म्हणे! नवऱ्याने माझे दोन दात पाडले, ते कोण सांभाळणार होतं?

मी गॅरेजात वाढलेली पोर. पाइपाचं तोंड थिनरने लख्ख पुसायचं, रबर कोरडंच चढवायचं, हे मला पाढ्यासारखं पाठ. आत तेल राहिलं तर ऐन चढावर हवेच्या दाबाने रबर निसटतं आणि गाडीतली ताकदच जाते. आणि माझा नवरा तर समोरून ट्रक येत असताना शिव्या देत ओव्हरटेक करणारा. दादा रबर आवळायचे नवे क्लॅम्प आणायला वळला, तशी मी नव्या रबरातून तेलाचं बोट फिरवलं. शेजारी मीच बसणार होते. चालेल, म्हटलं. सुटू एकदाचे.

"आज कसं अलगद बसलं!" दादा क्लॅम्प आवळत म्हणाला.

नवरा स्टीअरिंगवर बसला. "तू पिशवी भर. आम्ही घाटातून चक्कर मारून येतो. चल मेव्हण्या, आवळलंयस तू, तर बाजूलाही तूच बस."

दादा बसलासुद्धा.

"दादा, उतर!" मी ओरडले आणि गाडीसमोर उभी राहिले. नवऱ्याने हसत गाडी पुढे घेतली. बंपर गुडघ्यांवर बसला, मी कोलमडले. हाताला चाकाचा पाना लागला. तोच उचलून मी समोरच्या काचेवर घातला, पुन्हा घातला. काचेचं जाळं झालं.

नवरा खाली उतरला. केस धरून त्याने माझं तोंड बॉनेटवर आपटलं. टाके उसवले. दादा मध्ये पडला, तर त्याच्या पोटात लाथ बसली. मग मी पाना दोन्ही हातांनी धरला आणि नवऱ्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. एवढा वाघ, पण आईच्या नावाने बोंबलत फरशीवर लोळला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हणून गुडघ्यावर आणखी एक ठेवून दिला.

"अगं, मरेल तो!" दादा ओरडला.

"तू मेला असतास, दादा. रबराला मी तेल लावलंय."

दादाने बॉनेट उघडलं. क्लॅम्प सैल करून रबर ओढलं, आत बोट घातलं आणि त्या बोटाकडे बघत राहिला.

"पण त्याच्या शेजारी तर तू बसणार होतीस."

"मग? तूच म्हणालास ना, जा."

दादाने माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि रांगत दाराकडे निघालेल्या माझ्या नवऱ्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला.