पंधरावं प्रकरण

ऑफिसात तिला सगळे सेव्हताई म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दिवसभर फोन कानाला लावून ती एकच गोष्ट सांगायची: लिंक उघडली म्हणजे फाइल मिळाली असं होत नाही, ती आपल्या मशीनवर सेव्ह करावी लागते. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी ती संस्था. वेबसाइटवर एकेका प्रकरणाची लिंक. लोक लिंक उघडून ऐकायचे, खूश व्हायचे, खिडकी बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी "तुम्ही आमचं पुस्तक हरवलंत" म्हणून हिच्यावरच डाफरायचे. हिने मात्र जिभेवर साखर ठेवून पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

तिचा नवराही संस्थेसाठी वाचायचा. घरीच, मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करून. त्याचा खोकला कापून फाइल साफ करण्याचं काम हिचं. मग खोकला कापण्यापलीकडे गेला. शेवटचं पुस्तक चौदाव्या प्रकरणावर अडलं आणि तो गेला. त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून त्याची एकही फाइल तिने ऐकली नव्हती. छातीच व्हायची नाही.

एका सकाळी अकराच्या सुमारास मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे दृष्टी गेलेले एक निवृत्त शिक्षक, रोजचं गिऱ्हाईक.

"ताई, पंधरावं प्रकरण काही सेव्ह होईना."

कोणतं पुस्तक, हे विचारून तिने यादी उघडली. नवऱ्याचं ते शेवटचं पुस्तक. "त्यात पंधरावं नाहीच आहे, मास्तर. चौदाच आहेत."

"मग हे काय वाजतंय?" मास्तरांनी फोन स्पीकरजवळ धरला.

त्याचाच आवाज. कुणीतरी नक्कल केली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. पण मध्येच तो खोकला, पाणी प्यायला, आणि चुकलेलं वाक्य त्याने पुन्हा वाचलं. असं न कापलेलं रेकॉर्डिंग तिने कधीच बाहेर जाऊ दिलं नव्हतं. आणि हे प्रकरण तर त्याने जिवंतपणी उघडलंही नव्हतं.

तरी तिला ते हवं होतं, काहीही करून हवं होतं.

"मास्तर, ती खिडकी अजिबात बंद करू नका. ऐकणं चालू राहू दे. आता लिंकवर या. मेनूचं बटण दाबा. बाण खाली खाली, 'सेव्ह लिंक अ‍ॅज' ऐकू आलं की एंटर."

मास्तरांच्या संगणकातली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी बाई आपल्या कोरड्या आवाजात आकडे सांगू लागली. दहा टक्के. वीस. तीस.

त्याचा आवाज बसत चालला. चाळीसला तो दर दोन शब्दांनी दम घेऊ लागला. साठला तो आवाज हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यातला झाला.

"सेव्ह पॉज करा!"

मास्तरांनी केलं. वाचणं चालूच होतं, पण आवाज होता तिथेच ठरला. धीर करून त्यांनी पुन्हा सुरू केलं. ऐंशी. आता शब्द कमी आणि श्वासच जास्त. ब्याण्णवला ती अशी ओरडली की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मास्तरांनी घाईघाईने थांबवलं, आणि दोघंही काही वेळ नुसते ऐकत राहिले. शंभर झाले की फाइल मिळणार होती आणि तो कायमचा गप्प होणार होता. हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून तीच रोज अकराला मास्तरांना फोन करते. मास्तर संगणक बंद करत नाहीत, फोन स्पीकरपाशी ठेवतात आणि भला माणूस, स्वतः बाजूच्या खोलीत जाऊन बसतात. तो वाचतो. पुस्तक कधीच मागे पडलंय. हल्ली काय वाचतो तेही तिला नीट कळत नाही, इतका आवाज खोल गेलाय. तिला त्याचं काही नाही. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती डोळे मिटून ऐकते.

तेविसाव्या दिवशी वाचता वाचता तो थांबला.

"अगं," तो म्हणाला. "थकलो गं. पुरे करू का?"

बाजूच्या खोलीतून मास्तरांची पावलं वाजली. त्यांनी फोन उचलला. "ताई, तुम्हालाच विचारतायत ते. उरलेलं सेव्ह करायचं एक बटण तर आहे. दाबू?"

हजारो अनोळखी माणसांना तिने न चुकता सांगितलं होतं: दाबा. आत्ताही तेच सांगायला हवं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्याचे हाल तिला ऐकवत नव्हते. पण उद्याचे अकरा तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, रिकामे, आणि परवाचे, आणि तेरवाचे.

"आत्ता नको," ती म्हणाली. "थोडं थांबा."

मास्तरांनी फोन पुन्हा स्पीकरपाशी ठेवला. मग पाण्याचा पेला खाली ठेवल्यासारखं वाजलं. एक पान उलटलं. तिचा शब्द त्याने आजवर कधी मोडला नव्हता. तो पुढचं वाक्य वाचू लागला.