कोट्रेशचा थेंब

"उठा!" सगळ्यांच्या नाकात औषधाचा थेंब टाकून कोट्रेश गरजला, आणि दावणगेरेच्या त्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, कंपवातानं जखडलेली माणसं काठ्या टाकून खरंच उठली. टाळ्या थांबेनात. माझा थोरला भाऊ सिद्धलिंगअण्णाही चालला. मीसुद्धा रडले.

पुढचे सहा दिवस अण्णाला कूस बदलता येईना. रोजच्या गोळ्या कोट्रेशनंच बंद करवल्या होत्या. विचारलं तर म्हणे, "श्रद्धा कमी पडली."

रविवारी पुन्हा गेलो. आल्याआल्या सगळ्यांना प्यायला गुळाचं पानक, मग कोट्रेशचं पाऊण तास प्रवचन. "रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो. गोळ्या तिथंच अडतात. माझा थेंब नाकाच्या चोरवाटेनं थेट मेंदूत!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहारा, चोरवाट हे शब्द माझेच. फार्मसी कॉलेजात मी त्याला शिकवलं, घरी जेवू घातलं. नाकावाटे औषध पोचवण्याचं संशोधन खरं आहे, पण कंपवाताच्या गोळीतलं औषध तो पहारा ओलांडतं, हेही मीच शिकवलं होतं.

अण्णाचं पानक मी आधीच बाजूला ठेवलं होतं.

"मॅडम, घेऊ द्या ना. देवाचं आहे," कोट्रेश म्हणाला.

"थेंब नाकात घालतोस, मग उपाशी या, डाळ-दूध नको, असं का सांगतोस रे? ते पथ्य तर पोटात घ्यायच्या गोळीचं!"

"गिरिजे," अण्णा पुटपुटला, "तुझी मास्तरकी पुरे. मला चालू दे गं."

त्याच्या नाकात थेंब पडला. "उठा!" सगळे उठले. अण्णा खिळल्यासारखा बसून राहिला.

"श्रद्धा..."

"श्रद्धा नाही, पानक कमी पडलंय," मी म्हणाले आणि पर्समधली त्याची जुनी गोळी त्याला पाण्याबरोबर दिली. पाऊण तासानं अण्णा उठून चालू लागला. तोवर लोकांनी मागचं स्वयंपाकघर उघडलं होतं. खलात पांढरी भुकटी होती, आणि शेजारी त्याच गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग.

अण्णा कोट्रेशपुढे उभा राहिला. "माझ्या गोळ्या सोडायला लावून मला त्याच पाजल्यास?"

कोट्रेश माझ्याकडे बघेना. अडाण्यानं फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं. माझी विद्या माझ्याच भावावर उलटली होती.

म्हणून सांगते, विज्ञानाचे शब्द ऐकून भुलू नका. औषधात काय आहे, ते कुणी आणि कसं तपासलं, एवढं विचारा. समोर माझा विद्यार्थी असला, तरी विचारा.